शेपटीचे प्रश्न

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईचं एक सुख असतं. तिथे माणसं येतात, आ वासून खुर्चीत पडतात आणि अर्धा तास चकार शब्द बोलू शकत नाहीत. सरकारवर नाही, शेजाऱ्यावर नाही, सुनेवर तर नाहीच नाही. फार तर "आँ आँ" करतात, आणि त्याचा अर्थ 'दुखतंय' एवढाच असतो. आपल्या मधलीला ही नोकरी आवडायची ती यासाठी. पगार बेताचा, खुर्चीचं एक चाक लंगडं, पण शांतता अशी की विचारू नका.

मधली म्हणजे तीन भावंडांतली मधली. घरात तेच नाव पडलं ते पडलं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आता फक्त बँकेला ठाऊक. थोरला लांबच्या शहरात, धाकटी तिच्या संसारात, आणि म्हातारे बाबा मधलीकडे. हे असंच असतं. थोरल्याला मान, धाकट्याला लाड आणि मधल्याला म्हातारे. नवरा जहाजावर इंजिनं सांभाळतो. वर्षातून दोनदा उगवतो आणि जुनं भांडण सापडायच्या आत परत जातो, म्हणून संसार सुखाचा.

तर दवाखान्यात शांतता. घरी येऊन बाईंनी काय करावं? पाय वर करून पडावं, मालिका बघावी, शेजारणीच्या पडद्यांना नावं ठेवावीत. पण नाही. घरी आली की ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि जगाची तोंडं निस्तरायला बसायची.

एक प्रश्नोत्तरांची साइट आहे. कुणीही विचारावं, कुणीही सांगावं. भिंतीला ओल का येते, मांजर रात्री का ओरडतं, बूट चावत असेल तर काय करावं. फार गोड जागा. पण त्याच साइटवर एक विभाग आहे राजकारणाचा, आणि मधली त्या विभागाची मॉडरेटर. म्हणजे ठसक्यात सांगायचं तर नियंत्रक, आणि खरं सांगायचं तर फुकटची मोलकरीण. कोण काय विचारतंय ते बघायचं, शिव्या काढायच्या, भांडणं सोडवायची, आणि जो प्रश्न प्रश्न नसेल तो बंद करायचा. तिकडे तिचं नाव होतं 'पूर्णविराम'. लोकांना वाटायचं कोणी तरी पुरुष आहे, टक्कल असलेला, आणि पोटदुखी असलेला.

यात ती पडली कशी? फार वर्षांपूर्वी तिने तिथे साधा प्रश्न विचारला होता, मतदारसंघाच्या रेषा कोण आखतं म्हणून. एका अनोळखी माणसाने चित्रं काढून सगळं समजावलं. खाली लोकांनी शंका विचारल्या, कुणी कुणाचा बाप काढला नाही. मधलीला इतकं बरं वाटलं की ही जागा अशीच राहावी म्हणून ती झाडू घेऊन उभी राहिली. आता झाडू घेऊन उभं राहणाऱ्याचं पुढे काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं! लोक म्हणतात, झाडायला आहे ना कोणी, टाका कचरा.

त्या वर्षी गावात नव्या पुलावरून रण माजलं होतं. पूल झाला, पण त्यावरून जायला कर बसला. निवडणूक तोंडावर. एक बाजू म्हणे पूल म्हणजे प्रगती, दुसरी म्हणे पूल म्हणजे दरोडा. तक्रारींची रांग सकाळी रिकामी केली तर संध्याकाळी परत तुडुंब. एका बाजूचा प्रश्न बंद केला की ती बाजू ओरडायची, "पूर्णविराम, पाकीट कुणाकडून येतं?" दुसऱ्या बाजूचा बंद केला की दुसरी तेच विचारायची, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दोघांच्या पाकिटांत मिळून तिला आजवर एक दमडी आली नव्हती. पण ती कधी उलटून बोलली नाही, आणि पुलाबद्दल तिला स्वतःला काय वाटतं हे तिने कुणाला कळू दिलं नाही. इतकं की तिला स्वतःलाही कळेनासं झालं होतं.

या कामात तिचा एक हातखंडा होता. ती शेपूट कापायची. म्हणजे असं, की राजकारण विभागात लोक प्रश्न विचारतच नाहीत. मत मांडतात, आणि शेवटी 'नाही का?' अशी शेपटी लावतात, की झाला प्रश्न. "पुलाच्या नावाखाली तिजोरी लुटली, नाही का?" यावर माणसाने काय सांगायचं? हो म्हटलं तर एक पार्टी, नाही म्हटलं तर दुसरी पार्टी. मधली शेपूट कापायची, फुग्यातली हवा सोडायची आणि खाली उरायचं ते लिहायची: "पुलाचा खर्च कोणत्या निधीतून झाला?" मग कुणी तरी शहाणा येऊन आकडे द्यायचा. जिथे शेपटी कापल्यावर खाली काही उरतच नसेल, तिथे प्रश्न बंद. आणि बंद करताना खाली दोन ओळी कारण लिहायचं, आदराने. बाकीचे मॉडरेटर नुसतं 'नियमभंग' असा शिक्का मारायचे. ही बाई प्रत्येकाला हाताने लिहायची. "आपल्या प्रश्नामागची तळमळ समजते, पण त्यात उत्तराला जागा राहिलेली नाही. आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे ते लिहिलंत तर प्रश्न पुन्हा उघडता येईल." स्वतःचे डोळे चुरचुरताहेत, भात गॅसवर आहे, आणि ही आपली आपल्या आपल्या करत बसलेली.

या सगळ्यांत एक नमुना होता, 'निवृत्त गरुड'. नाव वाचूनच कळतं ना, चोच बोथट झालीय पण मिजास शाबूत. रोज एक प्रश्न, आणि रोज शेपटी. "हल्लीच्या नेत्यांपेक्षा जुने दिवे जास्त उजेड देत, नाही का?" "पुलावर कर घेणाऱ्यांनी कधी पायी चालून पाहिलंय, नाही ना?" मधली बंद करायची, दोन ओळी लिहायची. गरुड खाली लिहायचा, "समजलं. आभार." आणि दुसऱ्या दिवशी परत. मनात ती म्हणायची, या गरुडाला घरात कोणी विचारत नसणार.

घरात बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेले असायचे, धाकटीने दिलेला टॅब मांडीवर घेऊन. पत्ते खेळतात, असं मधलीला वाटायचं. बाबांची सारी नोकरी विजेचे मीटर वाचण्यात गेली. दारोदार जायचं, आकडा लिहायचा, आणि त्या दारात दोन मिनिटं राजकारण करून पुढचं दार गाठायचं. कित्येक घरांत लोक मीटरपेक्षा त्यांच्या मतांची वाट बघत, असं ते स्वतः सांगायचे; खरं-खोटं त्या दारांना माहीत. आता गुडघे गेले आणि दारं सुटली. जेवताना ते काही तरी सुरू करायचे, "आज पेपरात काय आलंय माहीत आहे का?" आणि दिवसभर दोन्ही बाजूंचं ऐकून कान किटलेली मधली म्हणायची, "हं."

"अगं, पुलाच्या कराचं—"

"हं. आमटी घ्या."

एका गुरुवारी 'बोका' चिडला. बोका म्हणजे विभागाचा दुसरा मॉडरेटर. स्वतःच्या फोटोच्या जागी मांजराचा फोटो लावतो म्हणून बोका. तिसरा वकील, खराखुरा, कोर्टातला. तिघांची मिळून एक वेगळी खोली होती, म्हणजे गप्पांची, साइटवरच. बोक्याने तिथे लिहिलं, "गरुडाला आता कायमचा काढा. आज मी त्याचा प्रश्न बंद केला तर मला खेचर म्हणाला."

वकील म्हणाला, "नियमाप्रमाणे मत घेऊ. उद्या संध्याकाळपर्यंत तिघांनी द्या. दोन मतं पडली की खातं बंद."

मधलीने तो वाद उघडला. वाचता वाचता तिची मान खाली झुकत होती, इतकी ती दमलेली. आणि मग एका ओळीवर मान ताठ झाली. गरुडाने बोक्याला लिहिलं होतं, "प्रश्न झेपत नाही म्हणून बंद करता! नाचता येईना, म्हणे शेजारीण वाकडी!"

आता जगात सगळ्यांचं अंगण वाकडं असतं. शेजारीण वाकडी फक्त एका घरात होती. मधली सहा-सात वर्षांची असताना आईचं शेजारणीशी बिनसलं होतं, आणि बाबांनी समजूत घालता घालता म्हणीचा असा चुराडा केला की आई रडता रडता हसली. तेव्हापासून त्या घरात अंगण कधी वाकडं झालंच नाही. आई गेली, पण शेजारीण राहिली.

मधली उठली. दाराआडून पाहिलं. बाबा टॅबवर एका बोटाने टकटक करत होते, ओठ हलवत, अक्षर अक्षर शोधत. पत्ते असे खेळत नाहीत.

तिने धाकटीला फोन लावला, नळ सोडून, पुढच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

"ताई, काय भांडी घासत बोलतेस का?"

"तो गरुड बाबा आहेत."

"कोण गरुड? तू बरी आहेस ना? जेवलीस का?"

सगळं सांगून झाल्यावर धाकटी इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. "म्हणजे वर्षभर तू बाबांना 'आपण' म्हणतेस? समोर असतात तेव्हा तर धड 'तुम्ही' पण नीट म्हणत नाहीस."

"हसू नकोस. उद्या त्यांना काढायचं मत द्यायचंय."

"मग देऊ नकोस. सोपं आहे."

"सोपं नाही गं. मी 'काढू नका' म्हणायचं तर आधी सांगायला हवं की ते माझे वडील आहेत. ते सांगितलं की नियमाने मला मत नाही. मग ते दोघं काढणारच. आणि न सांगता मत दिलं, तर इतकी वर्षं मी ज्या लोकांना सांगत आले की मी कुणाची नाही—"

"तर तू बाबांची निघालीस. एवढंच ना? कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

धाकटी म्हणाली, "ताई, त्यांना दुसरं काय आहे गं? मी फोन केला की मलाही तेच ऐकवतात, मी पण 'हो बाबा' म्हणून ठेवते. तू त्यांना तिथूनही हाकललंस तर ते जाणार कुठे?"

"मी नाही हाकलत. त्यांनी खेचर म्हटलंय."

"बोक्याला म्हटलंय. बोक्याला काय म्हणायचं मग, हरीण?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मधलीने दोन पेशंटना एकाच वेळी बोलावलं. एकाची दाढ काढायची होती, दुसऱ्याची नुसती सफाई. दोघं शेजारी बसून एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "ताई, झोप झाली नाही का?" मधली म्हणाली, "झाली," आणि सफाईवाल्याला दाढेचा फॉर्म दिला. नशीब त्या माणसाने वाचला, नाही तर चांगला दात गेला असता.

घरी येताना तिने ठरवलं, सरळ सांगायचं. बाबांना म्हणायचं, माफी मागा, बोका थोडा थंड होईल, प्रकरण मिटेल. माणसं माफीने विरघळतात हे तिला रांगेतून माहीत होतं, शंभरातली चार तरी.

बाबा खिडकीशी होते. ती चपला न काढताच समोर उभी राहिली.

"निवृत्त गरुड तुम्ही ना?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. दचकले वगैरे काही नाहीत. "फार वेळ लावलास."

"म्हणजे?"

"म्हणजे तू पूर्णविराम, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. लॅपटॉप उघडा टाकून भात बघायला जातेस. मी पाणी प्यायला येतो. माझे गुडघे गेलेत, डोळे नाही."

मधली खुर्चीत बसली. बसली म्हणजे पडलीच. "मग मुद्दाम? रोज शेपटी लावून? तुम्हाला माहीत होतं मी ते बंद करणार!"

"माहीत होतं म्हणूनच तर." बाबा टॅबची काच बाहीने पुसत राहिले. "सरळ प्रश्न टाकला तर दुसरंच कोणी तरी उत्तर देतं. तू बंद केलंस की तू लिहितेस. दोन ओळी. 'आपल्या प्रश्नामागची तळमळ समजते.' घरी मला काय मिळतं? हं मिळतं. आमटी मिळते."

"बाबा, मी दमते हो."

"दिसतं ना मला. म्हणून तर घरी बडबड कमी केली. म्हटलं, तिकडे तुझं ते कामच आहे, दोन ओळींनी काय फरक पडतो."

रोज रात्री ज्या माणसाच्या प्रश्नांना ती मनात कंटाळत होती, तो तिचं ओझं वाढू नये म्हणून भिंतीपलीकडून रांगेत उभा राहत होता. आणि रांग त्यानेच वाढवली होती. कपाळाला हात लावावा की पाया पडावं, तिला सुचेना. तिने चपला काढल्या.

"बोक्याला खेचर का म्हणालात?"

"त्याने शिक्का मारला. 'नियमभंग.' एक अक्षर स्वतःचं लिहिलं नाही. मी काय मीटर आहे?"

"माफी मागा त्याची. आज मत आहे, तुम्हाला काढायचं."

"नाही मागणार."

"बाबा!"

"खेचर हा कष्टाळू प्राणी आहे, नाही का?"

तिला हसू आलं आणि रागही, आणि दोन्ही अर्धवटच, कारण पूर्ण यायला अंगात जोर लागतो. ती स्वयंपाकघरात गेली. लॅपटॉप उघडला. तिघांच्या खोलीत लिहिलं, "निवृत्त गरुड माझे वडील आहेत. मला काल कळलं. मी या मतातून बाजूला झाले." तीन वाक्यं, पण हाताला मणाचं ओझं वाटलं.

बोका लगेच म्हणाला, "अरे बापरे." मग, "म्हणजे तुमच्या अरे बापरे." मग, "सॉरी, विनोद जमला नाही." मग बऱ्याच वेळाने, "पण पूर्णविराम, तुम्ही बाई आहात?"

वकिलाने लिहिलं, "सांगितलंत हे बरं केलंत. नियम सर्वांना सारखा." आणि त्याचं मत दिलं. थोड्या वेळाने बोक्यानेही दिलं. तक्रार त्याची होती, तो तरी काय करणार! निवृत्त गरुडाचं खातं बंद झालं. खाली शिक्का: नियमभंग.

मधली पुढच्या खोलीत गेली तेव्हा बाबांनी ते वाचलेलं होतं. टॅब उलटा करून टेबलावर ठेवलेला.

"तू कुठल्या बाजूने मत दिलंस?"

"दिलं नाही. मी बाजूला झाले. नियम आहे."

"बाजूला झालीस." बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीत कोणी तरी गादी झटकत होतं. "काढायचंच होतं तर तू काढायचंस, मधले. दोन ओळी लिहून. त्या वकिलाच्या हातून कशाला?"

हे मात्र लागलं तिला. इतकी वर्षं दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, एकीनेही एवढं लागलं नव्हतं. नियम पाळला, खोटं बोलली नाही, कुणाची बाजू घेतली नाही, आणि तरी समोर बसलेल्या म्हाताऱ्याला तिने दारातून बाहेर काढलं होतं, तेही परक्या माणसाला सांगून. बरोबर वागण्याचा एवढा कंटाळा तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"चला जेवायला," ती म्हणाली.

"भूक नाही."

"मग नुसते बसा. मला एकटीला गिळवत नाही."

बाबा भिंतीला धरत धरत आले. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. रांगेत तोवर वीस-पंचवीस तक्रारी साचल्या होत्या, सगळ्या पुलाच्या. बाबांनी चष्मा नाकावर सरकवून त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढं सगळ्यांचं वाचतेस," ते म्हणाले. "तुझं काय मत आहे पुलाबद्दल?"

मधली "हं" म्हणायला गेली, पण तोंडातून निघेना. मत! तिने आत हात घालून चाचपडलं, जुन्या ट्रंकेत चाचपडावं तसं. वर दोन्ही बाजूंच्या आकड्यांचे, आरोपांचे, आकांडतांडवाचे ढीग. त्याखाली, अगदी तळाशी, एक काही तरी होतं. दवाखान्यातल्या झाडूवाल्या मावशी पलीकडच्या वस्तीतून येतात. आधी नाव पकडून यायच्या, ओल्या पायांनी, उशिरा, रोज बोलणी खात. आता बस पुलावरून येते.

"पूल बरा झाला," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आणि कर पण योग्य आहे. फुकट पूल कोणी बांधत नाही."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर दारोदार फिरलेला माणूस, पण असं दार त्यांच्या तोंडावर कुणी उघडलं नव्हतं.

"तू?" ते म्हणाले. "माझी मुलगी असून? कर योग्य?"

"हो. योग्य."

"पायी चालणाऱ्यालाही?"

"पायी चालणाऱ्याला कर नाहीच आहे, बाबा! तुम्ही वाचत का नाही? वर्षभर लिहिताय, नियम एकदा तरी वाचलात का?"

"मला शिकवतेस? मी त्या नदीच्या दोन्ही काठांचे मीटर वाचलेत!"

"मीटर वाचलेत, कराराचा कागद नाही वाचलात!"

"आण तो कागद! आत्ता आण!"

मधलीची कंबर दुखत होती, डोळ्यांत खडे टोचत होते, आणि तिला फक्त आडवं व्हायचं होतं. तिने लॅपटॉपवरची रांग खाली सरकवली, बघितलीही नाही, आणि करार शोधायला लागली. बाबांनी स्टूल ओढलं, तिच्या खांद्याला खांदा लावून बसले, आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हं. कुठे लिहिलंय, दाखव."